पक्कं बांधकाम

क्रेनचा हुक छपराच्या लोखंडी सांगाड्यात अडकला आणि देवकाबाईनं हात जोडले. बाकीचं गाव छप्पर टिकावं म्हणून उभं होतं. ती उडावं म्हणून.

सालेकशाजवळच्या त्या गावात पंचायतीनं धान ठेवायला शेड बांधली, ती धुरा, म्हणजे शेताची हद्द, ओलांडून सहा हात देवकाबाईच्या धानाच्या बांधीत आली होती. काम सुरू झालं त्या दिवसापासून ती अर्ज देत होती. उत्तर ठरलेलं होतं: पक्कं बांधकाम हलवता येत नाही. आज छप्पर वाऱ्याच्या चाचणीत पास झालं की शेड कायमची कागदावर चढणार होती. नापास झालं तर पाडणार होते.

इंजिनिअर हिमांशु साहेबांनी लोकांना समजावलं की वादळ छपराला दाबत नाही, वर उचलतं. म्हणून आपणही उचलून बघायचं. दोन टनांची ओढ द्यायची. चाचणीचं यंत्र नागपूरहून आलं नव्हतं. म्हणून कोहमाऱ्याच्या हायवेवर उलटलेले ट्रक उभे करणारी क्रेन आणली होती. ठेकेदार धर्मेंद्रनं प्रत्येक पत्र्याला दुप्पट बोल्ट लावले होते. परीक्षा छपराची होती, त्यानं अभ्यासही छपराचाच केला होता.

"आंधी का बाप आ जाये सर, पत्रा नहीं छोडेगा," तो म्हणाला.

क्रेन ओढू लागली. अर्धा टन. पत्रा वाजलासुद्धा नाही. पाऊण टन. देवकाबाईचे जोडलेले हात सुटले. एक टनावर काटा थांबला आणि शेडचे सहाही खांब, बुडाशी वीतभर सिमेंटची ढेकळं घेऊन, जमिनीतून अलगद बाहेर आले. शेड क्रेनला लोंबू लागली. छप्पर जसंच्या तसं.

हिमांशु साहेबांनी फॉर्म काढला. त्यात एकच प्रश्न होता: छप्पर खांबांपासून सुटले काय? त्यांनी 'नाही' लिहिलं, खाली 'उत्तीर्ण' लिहून सही केली. धर्मेंद्रनं सगळ्यांशी हात मिळवले. मग साहेबांनी शेड होती तिथंच उतरवायला सांगितली.

देवकाबाई आपल्या बांधीत पडलेल्या खड्ड्यांजवळ जाऊन उभी राहिली. क्रेन थांबली. साहेब तिला समजावू लागले की आता तर सहीही झाली, पक्कं बांधकाम हलवता येत नाही.

"हलवा म्हणून कोण म्हणून राहिलं जी?" देवकाबाई वर बघत म्हणाली. "उतरवूनच राहिले ना? तं धुऱ्याच्या तिकडं उतरवा."