तीन भिंतींमधला जर्दाळू

“लांब उभी आहेस,” आत्या म्हणाली.

भाची आणखी एक पाऊल पुढे सरकली. सकाळपासून तिने चाळीसेक फोटो काढले होते आणि त्यातला एकही धड नव्हता. घरं विकणाऱ्या कंपनीसाठी ती खोल्यांचे फोटो काढायची, त्यामुळे फिशआय लेन्स तिच्या रोजच्या हातातली. बेडकाच्या डोळ्यासारखं बाहेर आलेलं ते भिंग अख्खी खोली एका दमात गिळायचं. इथे मात्र त्याने बहरलेल्या जर्दाळूचा फुलकोबीचा गड्डा करून टाकला होता.

झाड बियाणं संशोधन संस्थेच्या आतल्या चौकात होतं. एका बाजूला प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला ग्रंथालय, तिसऱ्या बाजूला गोदाम, चौथ्या बाजूला दाट कुंपण. चार पावलं मागे गेलं की पाठ भिंतीला लागायची. आत्याने या संस्थेत एकतीस वर्षं फुलांचे फोटो काढले. या झाडाची कळी न् कळी तिच्या कॅमेऱ्यातून गेली होती, पण अख्खं झाड कधी चौकटीत मावलं नाही. मग चौदा महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून तिने कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. आजही ती यायला तयार नव्हती. उजेड कधी बरा असतो तेवढं सांगेन, या बोलीवर आली होती.

माळ्याने येऊन सांगितलं की बहराचा हा पाचवा दिवस. दुपारी वारा सुटला की उद्या झाडावर निम्मासुद्धा उरायचा नाही.

आत्याने भाचीला पुन्हा समजावलं. हे भिंग सगळ्याला लांब ढकलतं, म्हणून ज्याला मोठं करायचं त्याच्या अगदी तोंडाशी जायचं. फूल काचेला लागतंय की काय असं वाटेपर्यंत. भाचीने एका फांदीशी जाऊन तसा फोटो काढला. फूल मोठं आलं, पण मागे झाडाऐवजी नुसती भिंत आली. आत्याने तो फोटो पाहिला, ओठ मुडपले आणि डावा हात पुढे केला.

“दे इकडे.”

झाडाखाली दगडी बाक होता आणि सगळ्यात खालची फांदी त्याच्यावर वाकलेली होती. आत्या बाकावर बसली आणि एकेक पाय उचलून आडवी झाली. माळ्याने पळत जाऊन पोत्याची घडी आणली आणि तिच्या डोक्याखाली सारली. वरून फांदी जेमतेम दोन हात अंतरावर होती. तिच्यामागे सगळं झाड, आणि झाडामागे आभाळाचा चौकोन.

तिने कॅमेरा वर धरला. बटण उजव्या बाजूला होतं. उजवं बोट त्याच्यावर ठेवलं, पण ते दाबलं जाईना. दुसऱ्यांदा दाबायला गेली तर सगळा हातच थरथरला आणि कॅमेरा घसरत छातीवर आला. भाचीने तो झेलला आणि म्हणाली की तू नुसतं धर, बटण मी दाबते. माळी उगाच लांबच्या कुंडीतलं तण उपटायला लागला.

आत्याने वरच्या फांदीकडे पाहिलं. मग तिने भाचीच्या हातातून कॅमेरा परत घेतला आणि उलटा केला. बटण डाव्या अंगठ्याखाली आलं.

“अगं, उलटा धरलास,” भाची म्हणाली.

“आभाळाला कुठे आलंय उलटं-सुलटं?”

उजवं मनगट तिने खालून टेकूसारखं लावलं. थरथर होतीच, पण या भिंगात थोडं हललेलं खपून जातं, हे तिला ठाऊक होतं. फांदीच्या टोकाला पाच फुलं होती. भिंग त्यांच्यापासून चार बोटांवर नेलं. फांदी डुलत होती. तिने श्वास रोखला. फांदी थांबेपर्यंत तिघांपैकी कुणीच हललं नाही. मग अंगठा खाली गेला.

फोटो भाचीने आधी पाहिला. मधोमध पाच फुलं परातीएवढी झाली होती, त्यांच्या पाकळ्यांवरची शीर न् शीर दिसत होती. त्यांच्यामागे चारी अंगांनी पसरलेलं झाड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, कुठेही न कापलेलं. प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि गोदाम, तिन्ही भिंती कंबरेतून मागे वाकून झाडाला वाट देत होत्या.

माळ्याने हात पुसत पुसत डोकावलं. वीस वर्षं त्याने या झाडाला पाणी घातलं होतं.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “आपलं झाड एवढं मोठं आहे होय?”

आत्याने फोटो पाहिला. तिचा चेहरा लाल झाला आणि एकतीस वर्षांत संस्थेत कुणी पाहिलं नव्हतं असं ती खदखदून हसली. ग्रंथालयाच्या दोन खिडक्या उघडल्या.

भाचीने मग एक गोष्ट दाखवली. भिंगाने काहीच सोडलं नव्हतं. फोटोच्या अगदी कडेला, बहराच्या बाहेर, आत्याचे दोन पाय आले होते, झिजलेल्या चपलांसकट. ती म्हणाली की घरी गेल्यावर ते सहज पुसून टाकता येतील.

“पाय कशाला पुसतेस?” आत्या म्हणाली. “चपला तेवढ्या काढते, थांब.”

तिने एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल ढकलली, मग दुसरीही, आणि कॅमेरा पुन्हा उलटा केला.