शिल्लक का पडेना

बँकेतून रिटायर झालेले विष्णुपंत रविवारी मांजर्लीच्या चाळीत जाऊन गरीब घरांना काटकसर शिकवत, तीही फुकट. विठाला शिलाई मशीन घ्यायचं होतं, पण त्यांच्या सल्ल्याने चालूनही तिच्याकडे काही शिल्लक पडेना. पंतांनी एकेक खर्च खोदून विचारला. रॉकेल, किराणा बेताचाच होता. दूध, साखर आणि चिवडा मात्र दुप्पट झाला होता.

"दर रविवारी एक पाहुणे येतात काका. त्यांना तसंच कसं पाठवायचं?"

"तोंडावर सांगायचं, आम्हाला परवडत नाही म्हणून. त्यात लाजायचं काय?" चिवड्याची बशी पुढे ओढत पंत म्हणाले.

विठाने पदराला हात पुसले.


"सांगते. पण काका, तुमाला राग नाय ना येणार?"