कडूबाचं नाक

बुलढाण्याच्या वाटेवरचं देऊळघाट अजून दिसत नव्हतं आणि गीताजवळची सगळी गाणी संपली होती. चिऊ झाली, काऊ झाला, हातातल्या बांगड्या वाजवून झाल्या. मांडीवरचा दोन वर्षांचा कडूबा आता खालचा ओठ बाहेर काढू लागला.

"त्याले रडू देऊ नको, पोरी," सासरे म्हणाले. भगवानराव छकड्यात मागं ताठ बसले होते. टेकायचंसुद्धा त्यांना सुचलं नव्हतं.

सकाळी खेळता खेळता कडूबानं हरभऱ्याचा दाणा नाकात कोंबला होता. धाडच्या वैद्यबुवांनी दिवा धरून पाहिलं आणि मान हलवली. दाणा खोल गेला होता, वर ओल लागून फुगत होता. बुलढाण्याच्या डॉक्टराकडे चिमटा आहे, तिथं न्या, म्हणाले. पण वाटेत लेकराला रडू देऊ नका. रडताना हुंदका आत ओढला आणि दाणा श्वासाच्या वाटेत उतरला, तर डॉक्टर तरी काय करणार?

बैल हाकत होता निवृत्ती, कडूबाचा बाप. त्याचं तोंड रस्त्याकडे होतं, कान सगळे मागं. बैल पळवावेत तर छकडा हादरे, हळू न्यावेत तर तिकडं दाणा फुगे.

"हे पाह्य, कसा पोपट!" गीता म्हणाली. पोपट कुठंच नव्हता. बोलता बोलता तिनंच डोळ्याला पदर लावला, आणि आईच्या तोंडाकडे बघून कडूबाचं तोंड वाकडं झालं.

गीतानं मान खाली घातली. कोणाकडेही न बघता ती म्हणाली, "कोंबडा दिसला त उगा राह्यते तो."

"कोठं हाय कोंबडा?" भगवानराव दोन्ही बाजूंच्या शेतांत पाहू लागले.

कोंबडा कुठं आहे, ते निवृत्तीला नेमकं ठाऊक होतं. घरात दार लोटून घेतलं की तोच कडूबासाठी कोंबडा व्हायचा, म्हैस व्हायचा. पण वडिलांदेखत त्यानं लेकराला आजवर साधं उचलूनही घेतलं नव्हतं. मोठ्या माणसांसमोर आपल्याच पोराचे लाड करणाऱ्याला गाव निर्लज्ज म्हणे. भगवानरावांनीही लहानपणी निवृत्तीला कधी कोणासमोर मांडीवर घेतलं नव्हतं.

मागून पहिला बारीक सूर निघाला.

निवृत्ती बैलांकडे पाठ करून वळला. पहिली बांग घशातच अडकली. दुसरी मात्र खणखणीत निघाली. त्यानं कोपरं फडफडवली, मान तिरकी केली आणि गीताच्या बांगडीवर चोच मारल्यासारखं केलं. कडूबाचा ओठ आत गेला.

तेवढ्यात बैल रस्ता सोडून बाभळीकडे चालले. निवृत्तीनं घाबरून वडिलांकडे पाहिलं. भगवानराव गुडघ्यांवर सरकत पुढं आले आणि त्यांनी हात पुढं केला.

"कासरा माह्याजोळ दे. तू कोंबडा कर."

मग निवृत्ती कोंबडा झाला, रेडकू झाला, पोळ्याचा माजलेला बैल झाला. कडूबा खिदळायला लागला की गीता हातानं खूण करी, कारण फार हसूही द्यायचं नव्हतं. तेव्हा कोंबडा झोपी जाई. लेकरू कंटाळलं की पुन्हा जागा होई. घामानं निवृत्तीची बंडी अंगाला चिकटली. पुढं भगवानराव बैलांशी हळू बोलत होते आणि दगड चुकवून चाक नेत होते.

नाल्याच्या उतारावर समोरून गाडी आली. शीग भरून लाल मिरच्या, वर झाकण नाही, आणि वारा नेमका तिकडचाच.

"थांबा, बा! डोळ्यात गेलं त रडन तो!" निवृत्ती वडिलांना ओरडून म्हणाला.

उतारावर बैल कुठले थांबतात! निवृत्तीनं लेकराला छातीशी ओढलं आणि शेल्यात त्याचं तोंड झाकलं. पण ती तिखट धूळ शेल्याला थोडीच ऐकणार होती? आधी बैलांनी नाकं फुरफुरवली. मग भगवानराव असे शिंकले की पागोटं कानावर आलं. गीता शिंकली. कडूबानं शेला बाजूला सारला, डोळे मिटले आणि तोंड उघडून श्वास आत घेतला, लांबच लांब. निवृत्तीचा स्वतःचा श्वास थांबला.

"आच्छीऽ!"

निवृत्तीच्या गालावर टिचकी मारल्यासारखं काहीतरी लागलं आणि खाली पडलं. गीतानं ते उचलून तळहातावर घेतलं. ओला, फुगलेला, साल सुटलेला दाणा. तिनं लेकराची हनुवटी वर करून एक नाकपुडी पाहिली, दुसरी पाहिली, नाकाखाली बोट धरलं.

"निंघाला," ती म्हणाली. आणि तिला हसू आलं, ते काही केल्या थांबेना.

कडूबाच्या डोळ्यांत मिरची गेली होती. त्यानं भोकाड पसरलं. नाल्यातले बगळे उडाले.

मिरचीवाला गाडी सोडून धावत आला. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. "चुकलं, बुवा! झाकाले पोतं नव्हतं. लेकराच्या डोळ्यात गेलं का?" गीतानं तांब्या घेऊन कडूबाचे डोळे धुतले. ती हसतच होती. त्याला घट्ट धरून बसलेला निवृत्तीही हसत होता. मिरचीवाला बघतच राहिला.

"काऊन हो? लेकरू एवढं रडून राह्यलं अन् तुम्ही हासून राह्यले?"

भगवानरावांनी कानावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"रडू दे, बाप्पा," ते म्हणाले. "ऐकू दे आमाले."