शनिवारचा घाट

लोन्चोच्या खानावळीपाशी सायकल सवयीनं उजवीकडे वळू लागली. आंचोननं हँडल घट्ट धरून तिला कशीबशी सरळ केली, कारण आज मागून त्याची बायको इत्सियार येत होती.

लोन्चो एप्रन बांधून दारातच उभा होता. त्यानं आंचोनकडे पाहिलं, इत्सियारकडे पाहिलं, आणि या दोघांना जन्मात पाहिलं नाही असा चेहरा करून तो आत निघून गेला. शहाणा माणूस, आंचोन मनात म्हणाला.

मागच्या वसंतात डॉक्टरीणबाईंनी आंचोनला दम भरला होता. सॉसेज बंद, सफरचंदाची सायडर दारू बंद, आणि आठवड्यातून एकदा तरी चांगला घाम निघाला पाहिजे. आंचोननं लगेच खडीच्या वाटांवर चालणारी जाड टायरांची निळी सायकल आणली. दर शनिवारी सकाळी तो हेल्मेट चढवून लेसाबेच्या खिंडीकडे निघायचा, आणि घाट सुरू व्हायच्या आधीच लोन्चोच्या मागच्या भिंतीला सायकल टेकवून आत जाऊन बसायचा. आत काळ्या घेवड्याचा रस्सा रटरटत असायचा, दोस्तमंडळी पत्ते पिसत असायची. ऊन कललं की तो नळाखाली डोकं धरायचा, शर्ट भिजवायचा आणि हाशहुश करत घरी यायचा.

लबाडीचीही चटक लागते. रात्री जेवताना तो इत्सियारला खिंडीची वर्णनं ऐकवू लागला. बीच वृक्षांच्या रानातलं धुकं, वाटेत आडव्या बसलेल्या मेंढ्या, शेवटचा जीवघेणा चढ. एकदा इत्सियारनं विचारलं, त्या चढाच्या आधी डावीकडे दगडी टाकी लागते ना? लागते तर, तो म्हणाला, दर वेळी तिथंच तोंड धुतो. सायकल दुरुस्त करणारा तर म्हणाला, या वयात टायर इतके झिजवणारा माणूस मी पाहिला नाही. आंचोननं ती शाबासकीही खिशात घातली. खोटं बोलणाऱ्याला साक्षीदार आयता मिळाला, तर तो त्याची उलटतपासणी कशाला करील? फक्त घाट चढून चढून या माणसाचं पोट सुटतं कसं, हे डॉक्टरीणबाईंना काही केल्या उमगत नव्हतं.

मग इत्सियारची भाची बिल्बाओला राहायला गेली आणि जाताना आपली सायकल मावशीला देऊन गेली. शुक्रवारी रात्री इत्सियार म्हणाली, उद्या मलाही दाखव तुझी खिंड. आंचोननं गुडघा दुखतो म्हणून पाहिलं, पाऊस येईल म्हणून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

आता पहिल्याच वळणावर त्याची छाती भात्यासारखी चालू लागली. दुसऱ्या वळणावर तो चेन बघायच्या निमित्तानं उतरला, तिसऱ्यावर मेंढ्या मोजायच्या निमित्तानं. इत्सियार वर थांबून वाट पाहत होती. तिला साधी धापही लागलेली नव्हती.

"आज सायकलच नीट चालत नाहीये," तो म्हणाला.

"चालेल. तिला रस्ता माहीत आहे," इत्सियार म्हणाली आणि पुढे निघाली.

शेवटच्या चढाआधी आंचोननं डावीकडे पाहिलं. टाकीबिकी काही नव्हती, नुसती दरी होती. इत्सियारनंही तिकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. तो उरलेला चढ आंचोननं सायकल ढकलत पार केला. बायकोला काय सांगायचं याची जुळवाजुळव तो करत होता, पण दम लागलेल्या माणसाला थाप सुचत नाही.

लेसाबे म्हणजे खिंडीत दाटीवाटीनं उभी असलेली चार-दोन घरं. पहिल्याच घरापुढं योशेपा नावाची म्हातारी चीजचे चाकासारखे गोल गड्डे मांडून बसली होती. तिचा कुत्रा आंचोनला हुंगून पुढं गेला आणि इत्सियारच्या पायांशी लोळू लागला.

"आज उशीर केलास गं," योशेपा इत्सियारला म्हणाली, आणि न विचारता मेंढीच्या दुधाच्या दह्याची वाटी तिच्या हातात ठेवली. मग आंचोनकडे हनुवटीनं खूण करत तिनं विचारलं, "हा कोण? आणि तुझी निळी सायकल याच्याकडे कशी?"

आंचोन पायरीवर बसून आपल्या सायकलच्या झिजलेल्या टायरांकडे बघू लागला.

दही खाता खाता इत्सियारनं त्याला सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. पहिल्या शनिवारी तो रक्तदाबाची गोळी घरीच विसरला होता. ती द्यायला म्हणून इत्सियार रानातल्या आडवाटेनं मागोमाग निघाली, तर लोन्चोच्या खानावळीच्या भिंतीला सायकल, आणि खिडकीतून याचं हसणं ऐकू येतंय. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सायकल घेऊन जावी आणि याला पायी घरी यायला लावावं, म्हणून ती सायकलवर चढून बसली. पण सायकलीचं तोंड होतं घाटाकडे, आणि ती तशीच निघाली. राग पहिल्या दोन वळणांपर्यंत टिकला. पुढं धुकं आलं, बीचचं रान आलं, आणि इथं पोचेपर्यंत आपण कुणावर चिडलो होतो तेच ती विसरली. पुढचा एकही शनिवार तिनं चुकवला नाही. लोन्चोला स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं. सायकल भिंतीशी परत येईपर्यंत तो आंचोनला पत्त्यांवरून उठूच द्यायचा नाही.

इतके महिने इत्सियारनं आंचोनची खिंडीची वर्णनं ऐकली होती, मान डोलावली होती, वर आणखी वाढलंही होतं.

"पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?" त्यानं विचारलं.

इत्सियारनं वाटीच्या तळाचं दही चमच्यानं निपटून घेतलं.

"बोलले असते, तर तू लाजून खरंच घाट चढायला लागला असतास. मग मी कशावर बसून आले असते?"