शिंपल्यांचा सेट

"हात वर घे, डीलिया. मिसेस थॅचर आल्यात," मुकादमीण प्रॉसरबाई म्हणाली.

डीलियाने उजवा हात एप्रनखालून काढला नाही. पंधरवडा झाला, मनगट लुळं पडलं होतं; डाव्या हाताने ते चोरून सावरत ती कसंबसं रंगवत होती. पेनसिल्व्हेनियातल्या या माजोलिकाच्या, म्हणजे रंगीत झिलईच्या मातीच्या भांड्यांच्या, कारखान्यात रंगात शिसं असे. ते अंगात भिनलं की आधी मनगट जाई, आणि मनगट गेलं की संध्याकाळच्या आत त्या बाकावर दुसरी मुलगी बसे. या बाकाशिवाय डीलियाला जगात जागा नव्हती.

"सोन्याची बांगडी लपवतेय!" शेजारची नोरा फिसकन हसली.

मिसेस थॅचर पाद्र्याच्या पत्नी. सुगीच्या भोजनाला चर्चसाठी नवा सेट हवा होता. त्यांनी भट्टीतून आलेली बशी उचलली. आकार शिंपल्याचा, कडेने समुद्राचं शेवाळ, मध्ये तान्ह्या बाळाच्या टाचेचा गुलाबी.

"देवाची करणी! कुणी रंगवली ही?"

साऱ्या माना डीलियाकडे वळल्या.

"बघू तरी, बाळ, ते गुणी हात."

हात बाहेर आला. पंजा मान मुरगळलेल्या कोंबडीसारखा लोंबत राहिला.

"माफ करा, बाईसाहेब," प्रॉसरबाई लगबगीने म्हणाली. "आजच काढते हिला."

"आजच? अहो, माझा सेट व्हायचाय! हा गुलाबी दुसऱ्या कुणाला जमणार? तो झाला की मग खुशाल काढा."

डीलियाचा जीव भांड्यात पडला.

मिसेस थॅचरनी आपल्या टोपीची रेशमी रिबीन सोडली. लेकीची वेणी घालावी तशा मायेने, भजन गुणगुणत, त्यांनी ब्रश डीलियाच्या मनगटाला आवळून बांधला.

"झालं! देव काहीतरी वाट काढतोच."

"आभार मान की गं," प्रॉसरबाईने ढोसलं.

"उपकार झाले, बाईसाहेब," डीलिया म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली.

तिने ब्रश रंगात बुडवला. त्याचे केस विस्कटले. ते ओठांत धरून टोक करायचं, ही इथल्या साऱ्या मुलींची रीत. पण ताठ बांधलेला ब्रश तोंडाकडे वळेना, म्हणून डीलियाने तोंडच खाली हातावर नेलं. रंग जिभेला गोड लागला.

मिसेस थॅचरचे डोळे पाणावले.

"वेडी कुठली! रिबिनीचा मुका काय घेतेस?" त्या म्हणाल्या. "देवाचे आभार मान."