पुराची पिशवी

गेल्या साली गोदावरीचं पाणी पंचवटीतल्या त्यांच्या गल्लीत कमरेएवढं चढलं होतं. म्हणून या पावसाळ्यात उज्वलाने किराण्यातून थोडं थोडं वाचवत एक पिशवी भरून ठेवली. बॅटरी, मेणबत्त्या, तापाच्या गोळ्या, गूळ-फुटाणे आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड.

"येडीच आहेस," तिचा नवरा ललित हसला. "पूर काय दरवर्षी येतो?"

श्रावणात धरणातून पाणी सोडलं आणि भरदुपारी ते उंबरा ओलांडून आत आलं. उज्वलाने पिशवी खांद्याला अडकवली आणि दार ओढलं. ते उघडणार नव्हतं. कामावर जाताना ललित रोजच बाहेरून कुलूप लावायचा. दिवस वाईट आहेत, म्हणायचा.

पाणी मांडीपर्यंत आलं. खिडकीचे गज धरून ती हाका मारत राहिली. अखेर शेजारच्या गोरक्षभाऊंनी पहारीने कुलूप तोडलं आणि तिला धरून वरच्या अंगाच्या शाळेत आणलं.

संध्याकाळी ललित तिला शोधत शाळेत आला. त्याला पाहून तिला भरून आलं. ओल्या साडीत कुडकुडत ती उठून उभी राहिली.

तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "कुलूप कोणी तोडलं?"

उज्वला पिशवी उचलून गोरक्षभाऊंकडे गेली.

"भाऊ, येवल्याची एसटी चालू आहे का? मला माहेरी जायचंय."