लिलीचा वाफा

रंभा पुन्हा अंगणातल्या वाफ्यापाशी येऊन उकिडवी बसली. चुलीवर भाकर टाकून आली होती. मातीत काहीच नव्हतं. कोंब नाही, कोंब येताना पडते तशी भेगही नाही.

चैत्र निम्मा सरला होता. गेल्या चैत्रात लिलीचे दांडे असे सरळ वर आले होते आणि पानं फुटायच्या आधीच लालभडक फुलले होते. तेव्हा तिला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं. मार्गशीर्षाच्या अखेरीस मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच गेली. रंभाचा नवरा वारलू अहेरीच्या जंगल नाक्यावर नाकेदार होता. तो लेकीला फडक्यात गुंडाळून दोघातिघांबरोबर घेऊन गेला. कुठे पुरली ते बाळंतिणीला कोणी सांगितलं नाही. तिनं एकदा विचारलं, तर "इसरून जाय आता" म्हणून तो बाहेर निघून गेला. त्यानंतर तिनं विचारलं नाही. ती वाफ्याकडे बघत राहिली.

"अवो, भाकर जळून राह्यली ना!" कुंपणापलीकडून शेजारची गुणाबाई ओरडली.

रंभा आत धावली, करपलेली भाकर उतरवली आणि पुन्हा बाहेर आली.

पाणी जास्त झालं असेल म्हणून तिनं पाणी बंद करून पाहिलं होतं. मग मातीच सुकली असेल म्हणून पुन्हा घातलं होतं. शेणखत झालं, मुंग्यांसाठी राख झाली. उकरून बघायचं तेवढं राहिलं होतं. कोंब मोडेल याची तिला भीती वाटायची.

"पाह्य ना वो बाई येकडाव उकरून," गुणाबाई म्हणाली. "लिलीचे कांदे कुजले असतीन तं कुजले. जिवाले घोर तरी नाई राह्यनार."

रंभानं खुरपं आणलं. थोडी माती सैल केली आणि खुरपं टाकून बोटांनीच उकरू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं वाफा उलटापालटा केला. एक कांदा लागला नाही. कुजलेली साल नाही, कुरतडलेला तुकडा नाही.

"सायाळीनं खाल्ले," गुणाबाई म्हणाली.

रंभानं उकरेपर्यंत वाफा सपाट होता. साळिंदर खड्डे करून जातं. जाताना माती सारखी करून जात नाही.

दुपारी वारलू जेवायला आला. खाकी टोपी खुंटीला अडकवून पाटावर बसला. रंभानं ताट वाढलं आणि तशीच उभी राहिली. तिच्या नखांत माती होती.

"वाफ्यातले कांदे कोनं नेले?"

"मले का म्हाईत."

"जनावरानं नाई नेले. हातानं काढून नेले कोनीतरी."

वारलूचा घास हातातच राहिला. ताटाकडे बघत तो म्हणाला, "मी नेले."

"इकले का तुमी?"

"नाई." बराच वेळ तो भात कालवत राहिला. "पोरीजवळ लावले."

रंभानं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, त्यावर पाणी ओतलं. धूर घरभर झाला.

"चाला."

"आता? ऊन किती हाये. अन् बाया नाई जात तिकडं."

ती दारात पोचली होती. पायात काही घातलं नव्हतं. वारलूनं ताटातच हात धुतला आणि उठला.

नाक्यावर मुंबई राज्याची नवी पाटी लागली होती, तिच्या रंगाला अजून वास होता. तिथून खाली कोरडा नाला. नाल्यापलीकडे वाळल्या गवतातून एक बारीक पायवाट गेली होती. ती कुठल्या गावाला जात नव्हती. ऐनाच्या एका झाडाखाली पोचून तिथंच संपत होती. रंभा त्या वाटेवरून चालत गेली. वारलू मागे राहिला.

झाडाखाली काटेरी बोराट्या रचून केलेलं एवढंसं कुंपण होतं. आतली माती ओली होती. कोंब मात्र तिथंही नव्हता.

"इथीबी नाई आले," मागून वारलू म्हणाला. त्याचा आवाज घाबरा झाला होता. "रोज पानी घालतो मी. सकाळी घालतो, कामावरून येतानाबी घालतो. काय चुकून राह्यलं, समजतच नाई."

रंभानं काटे बाजूला सारले आणि मातीत बोटं घातली. मनगट बुडालं, मग अर्धा हात. तिथं कांदा लागला. टणक होता, चांगला होता. त्याला कोंबही आला होता, पांढराफटक, वाकडातिकडा. वर यायची वाट न सापडून तो आतच वळला होता.

"येवढे खोल काऊन लावले?"

"डुकरं उकरते ना इथी. समदंच खोल केलं आमी."

रंभानं कांदा वर घेतला. मान उघडी राहील असा मातीत बसवला, कडेनं दाबला. मग दुसरा शोधला, मग त्याच्या पलीकडचा. वारलूही गुडघ्यांवर बसून माती लोटू लागला. सगळे कांदे वर आले, तरी रंभाचा हात मधल्या खड्ड्यातून खाली खाली जातच राहिला.

वारलूनं तिचं मनगट धरलं.

"बस. त्याच्या खाली नोको."

रंभा थांबली. हात बाहेर काढला नाही. डोक्यावर ऊन होतं, भोवतालचा दगड न् दगड तापला होता.

"इथी आत गार हाये," ती म्हणाली.